मैत्रिणीबरोबरचा डाव, फुकट गेलेला घोडा आणि शेवटी बरोबरी – तपासायला या

अडीचघर:
काल रात्री मैत्रिणीबरोबर ऑनलाइन बुद्धिबळाचा एक डाव झाला. मजेमजेत, रेटिंग बिटिंग काही लावलं नव्हतं, १० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ५ सेकंद वाढीव. पांढरी माझ्याकडे. डाव बरोबरीत सुटला पण असा सुटला की झोप उडाली, म्हणजे मी आधी हरत होते, मग जिंकत होते, मग कुठेच नव्हते, मग परत जिंकत होते आणि समोर नुसता एकटा राजा उरलेला असताना अर्धा गुण देऊन बसले. कॉम्प्युटरला अजून दाखवलेला नाही, मुद्दामच. त्याचे बाण बघितले की 'हो हो, मला दिसतच होतं हे' असं वाटायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक परत. म्हणून आधी माणसांना दाखवते, नंतर यंत्राला.

लिहिण्याची पद्धत: घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा, × म्हणजे मारलं आणि + म्हणजे शह. नुसतं घर लिहिलंय तिथे प्याद्याची चाल. घराचं नाव म्हणजे उभ्या ओळीचं अक्षर (ए ते एच) आणि आडव्या ओळीचा आकडा (१ ते ८). क्रमांकानंतर आधी माझी चाल, मग तिची; क्रमांकापुढे तीन टिंबं असतील तर फक्त तिची.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ डी६ ४. घो-सी३ उं-जी४ ५. घो×ई५

इथे थांबते. तिच्या उंटाने माझा एफ३ चा घोडा वजिराला बांधलाय, म्हणजे पिन, आणि मी तो बांधलेला घोडा उचलून वजीर उघडा टाकला. कारण मला ती लेगालची मात आठवली!! तिने वजीर खाल्ला की उं×एफ७+ रा-ई७ आणि घो-डी५ मात. हात नुसते शिवशिवत होते. वजीर न खाता डी प्याद्याने घोडा मारला तर मी व×जी४ करून एक प्यादं वर. दोन्हीकडून माझाच फायदा असं पक्कं करून माउस सोडला. तिने तिसरंच केलं, ५... घो×ई५. सी६ चा घोडा होता हो तिथे. तो मी मोजलाच नव्हता.

आता जी४ चा उंट तिच्या घोड्याने राखलेला, माझा वजीर मारात, सी४ चा उंटही मारात. ६. उं-ई२ करून दोन्ही वाचवले, पण घोडा गेला तो गेला, बदल्यात एक प्यादं. पुढच्या चाली थोड्या वेळाने टाकते, आधी याच्यावर बोला.

उंटावरचा शहाणा:
अहो उं-ई२ कशाला खेळलात, तिथे सरळ ६. उं×एफ७+ मारायचं ना! घो×एफ७ केलं की घोडा ई५ वरून हलला, म्हणजे जी४ च्या उंटाची राखण गेली, मग व×जी४. एका घोड्याच्या बदल्यात एकाऐवजी दोन प्यादी आणि तिच्या राजासमोर भगदाड. शह आहे, ती घेणारच.

प्यादेमात:
@उंटावरचा शहाणा, घेणार हे खरं, पण घोड्यानेच घेणार असं कुणी सांगितलं? ६... रा×एफ७. घोडा ई५ वरच, जी४ चा उंट अजून राखलेला, वजीर अजून मारात आणि आता पांढऱ्याचा घोडाही गेला, उंटही गेला. दोन मोहरी देऊन दोन प्यादी. राजा थोडा उघडा पडला पण त्याला शह द्यायला पांढऱ्याकडे उरलंय कोण?

गंमत बघा, तुम्ही तीच चूक केलीत जी अडीचघर यांनी एक चाल आधी केली. समोरच्याचं आपल्याला आवडणारं उत्तर धरायचं आणि तेच येणार म्हणून पुढे निघायचं.

उंटावरचा शहाणा:
आयडी सार्थ केला म्हणायचा. _/\_ राजाने घेतलेलं बघितलंच नाही. उं-ई२ बरोबर.

रिकामटेकडा:
अडीचघर भाऊ, डाव मस्त रंगलाय. रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), लेगाल हा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, पॅरिसचा, आणि फिलिडोरचा गुरू. म्हणजे ज्याच्या शिष्याने पुढे 'प्यादी म्हणजे बुद्धिबळाचा आत्मा' असं शिकवलं त्या गुरूचं नाव मात्र वजीर फेकून मात करण्यावरून राहिलं. तीनेक शतकं होत आली, लोक अजून त्या सापळ्यात पडतायत आणि अर्धवट आठवून दुसऱ्या बाजूने पण पडतायत. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

अडीचघर:
भाऊ नाही, ताई. :) आणि दिवे घेतले, लख्ख उजेड पडलाय.

काठावरून:
मी नवशिका आहे, मूर्ख प्रश्न असेल तर सोडून द्या. ही मात मी पण व्हिडिओत बघितलीये आणि त्यात तर वजीर सोडून घोडा मारतात तेच बरोबर असतं. मग इथे का चुकलं? पोझिशन तीच तर दिसतेय मला.

प्यादेमात:
मूर्ख बिर्ख काही नाही, हाच मुख्य प्रश्न आहे धाग्याचा. नेहमी दाखवतात त्या डावात काळ्याचा घोडा सी६ ला आलेलाच नसतो, त्यामुळे ई५ वर मारायला फक्त डी६ चं प्यादं असतं. इथे घोडा आलेला आहे. म्हणजे चित्र ९० टक्के तेच आणि उरलेल्या १० टक्क्यांत सगळा डाव.

पण खरी मजा पुढे आहे. अडीचघर ताई, तुमची कल्पना चुकीची नव्हती, एक चाल घाई झाली. ५. एच३ आधी खेळायचं. उंटाला हाकलायचं. तो एच५ ला मागे सरकला (बरेच जण सवयीने सरकतातच, पिन सोडवत नाही म्हणून) की मग ६. घो×ई५! आता तीन उत्तरं बघा परत.

तिने वजीर खाल्ला, उं×डी१, तर ७. उं×एफ७+ रा-ई७ ८. घो-डी५ मात. सी६ च्या घोड्याचा इथे काही उपयोग नाही, तो फार तर ई५ चा घोडा खाईल पण शह डी५ वरून आहे.
तिने डी×ई५ केलं तर ७. व×एच५, एक प्यादं वर आणि वर एफ७ वर मातीची धमकी.
तिने घो×ई५ केलं, म्हणजे कालचंच, तर ७. व×एच५! कारण ई५ चा घोडा जी४ राखतो पण एच५ राखत नाही. अडीच घरं मोजून बघा. मग ती घो×सी४ करते आणि तुम्हाला वाटतं अरे उंट गेला, पण ८. व-बी५+, राजाला शह आणि सी४ च्या घोड्यावर पण नजर, शह सोडवला की व×सी४. हिशेब केला तर एक प्यादं नक्की वर.

सगळा फरक उंट जी४ ला आहे की एच५ ला एवढाच. एक घर.

काठावरून:
ओह्ह्ह. पट मांडून बघितलं. घोडा ई५ वरून जी४ ला उडतो, एच५ ला नाही. आता कळलं. आणि एच३ नंतर तो एच५ ला गेलाच नाही तर?

प्यादेमात:
तर नाही. उं×एफ३ केलं तर व×एफ३, तुमचा वजीर छान ठिकाणी आला, एफ७ वर लगेच मातीची धमकी. किंवा ई६ ला, डी७ ला परत गेला तर डाव सुरू. सापळा लागला नाही म्हणून तुमचं काही बिघडत नाही, हे एच३ चं सगळ्यात चांगलं. ५. घो×ई५ मध्ये मात्र सापळा लागला नाही तर तुम्हीच त्यात.

अडीचघर:
हे वाचून मी खरंच कपाळावर हात मारला. एच३ माझ्या डोक्यात आलं होतं. पण मला वाटलं उंट एफ३ चा घोडा मारून टाकेल आणि माझी सुंदर मात हुकेल. म्हणजे मी मातीच्या मोहात चांगली चाल नाकारली. असो. पुढच्या चाली:

६. उं-ई२ उं×ई२ ७. व×ई२ घो-एफ६ ८. डी४ घो-जी६ ९. उं-जी५ एच६ १०. उं×एफ६ व×एफ६ ११. घो-डी५ व×डी४

इथे माझ्या नशिबाचं दार उघडलं. घो-डी५ मी खेळले तेव्हा वजिरावर आणि सी७ वर दोन्हीकडे मार होता, पण खरं सांगायचं तर ती वजीर डी८ ला नेईल आणि सी७ राखेल असंच धरलं होतं मी. मग माझ्याकडे पुढे काही नव्हतं. पण तिने डी४ चं प्यादं उचललं!

१२. घो×सी७+ रा-डी७ १३. घो×ए८ उं-ई७ १४. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा आडोशाला, राजाच्या बाजूला) ह×ए८

हत्ती मिळाला म्हणून मी खुर्चीत नाचले, आणि दोन चालींनी कोपऱ्यातला घोडा गेला. सगळं मिळून माझ्याकडे हत्ती आणि एक प्यादं जास्त, तिच्याकडे उंट आणि घोडा जास्त, म्हणजे गुण मोजले तर समसमान. घोडा वाचवता आला असता का?

बसल्याबसल्या:
ए८ ला गेलेला घोडा परत येत नाही. नियम नाही पण नियमासारखंच. त्याला बाहेर पडायला बी६ आणि सी७ दोनच घरं, बी६ वर ए प्याद्याचा मार, सी७ वर राजाचा. हत्तीसाठी घोडा दिला असं धरून चालायचं.

प्यादेमात:
असं धरून चाललात म्हणूनच बघितलं नसणार. १४ व्या चालीला शह होता. १४. व-बी५+. शह बघायचाच असतो आधी, चांगला असो वाईट असो, कारण शहाला उत्तरं मोजकी असतात आणि मोजकी म्हणून मोजता येतात. इथे मध्ये टाकायला काही नाही, राजालाच हलायचंय. सी७ ला जाता येत नाही, तिथे ए८ च्या घोड्याचा मार आहे (कोपऱ्यात बसून पण काम करतोय बिचारा). राहिली डी८, ई६ आणि सी८.

डी८ किंवा ई६ ला गेला की व×बी७, आणि ए८ चा घोडा वजिराने राखला गेला. शिवाय तो वजीर बी७ वरून ई४ पण राखतो आणि बी२ पण, म्हणजे तिच्या वजिराला खायला काही उरत नाही, व×ई४+ केलं तर तुम्ही सरळ व×ई४. सी८ हेच त्यातल्या त्यात बरं उत्तर, तिथून बी७ राखला जातो, पण मग राजा स्वतःच्याच हत्तीच्या वाटेत उभा, एच८ चा हत्ती ए८ पर्यंत पोचत नाही, आणखी चाली घालवाव्या लागतात. तुम्ही कॅसल केलं तेव्हा तिने एका चालीत घोडा उचलला.

बसल्याबसल्या:
हम्म. मांडून बघितलं. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). माझा नियम मागे घेतो.

उंटावरचा शहाणा:
म्हणजे ताईंनी पाचव्या चालीला शहाच्या मागे धावून घोडा घालवला आणि चौदाव्या चालीला शह बघितला नाही म्हणून घोडा घालवला. शह-काटशह म्हणतात ते हेच काय. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

अडीचघर:
घेतलं हलके, पण बोचलं. :)

खरं म्हणजे कॅसलिंग मी विचार न करता केलं. माझ्या डोक्यात 'फायदा झाला, आता राजा सुरक्षित करा' अशी एक सूचना आपोआप वाजते. हत्ती खाल्ल्याच्या आनंदात आपण एकदम शहाणे आणि सावध वगैरे झालो असं वाटतं. तो सावधपणा नव्हता, ती सुट्टी घेतली होती मी.

समोरचीच:
नमस्कार मंडळी. मीच ती काळी. आयडी आत्ता बनवला, फक्त या धाग्यासाठी. अगं निदान सांगायचंस तरी, की माझी अब्रू चारचौघात मांडतेयस!

माझी बाजू पण ऐका. ११ व्या चालीला डी४ का घेतलं. कारण ५ व्या चालीला हिने घोडा फुकट दिला होता. त्यानंतर मी ठरवूनच टाकलं की आज ही वाटेल ते फेकतेय. घो-डी५ आला तेव्हा मला वाटलं, अजून एक. वजीर हलवायचा आहेच तर जाताना प्यादं घेऊन जाऊ. सी७ दिसलंच नाही असं नाही, दिसलं, पण 'प्यादं प्यादं झालं' एवढंच दिसलं, शह पडतो आणि कोपऱ्यातला हत्ती पण मारात येतो हे नाही दिसलं. व-डी८ केलं असतं तर एक घोडा वर राहून आरामात खेळले असते.

प्यादेमात:
स्वागत. ही माहिती कुठल्याच इंजिनातून (डाव तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून) मिळाली नसती बघा. ते सांगतं व×डी४ चूक, व-डी८ बरोबर. ते हे नाही सांगत की समोरच्याच्या एका चुकीमुळे तुम्ही त्याच्या पुढच्या सगळ्या चाली चुकीच्याच धरायला लागलात.

रिकामटेकडा:
यासाठीच डाव झाल्यावर दोघांनी मिळून बघायचा असतो, पूर्वी पटावर खेळायचे तेव्हा डाव संपला की मोहरी परत लावून तास तास चालायचं ते. आता 'रीमॅच' चं बटण समोर असतं. बॉट्विनिकसारखा जगज्जेता स्वतःच्या डावांचं टिपण लिहून ते इतरांसमोर टीकेला ठेवा म्हणायचा. आपण कोण टिकोजीराव.

यंत्रमानव:
थोडं विरोधात बोलतो. इंजिनला एवढं खलनायक का करताय सगळे? वरच्या सगळ्या चर्चेत दोन वेळा माणसांनीच चुकीचं सांगितलंय, एकदा उं×एफ७+ आणि एकदा 'घोडा परत येत नाही'. नशीब इथे दुरुस्त करणारं कुणी होतं. मी एकटा बसून डाव तपासला तर माझ्या चुका कोण दाखवणार, स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे, लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर डाव टाकला की ती चुकलेल्या चालींवर परत थांबवून 'आता यापेक्षा चांगली शोधा' म्हणते, उत्तर लगेच सांगत नाही. तसं वापरलं तर काय वाईट?

प्यादेमात:
तसं वापरलं तर काहीच वाईट नाही, १०० टक्के मान्य. भांडण क्रमाचं आहे. आधी स्वतः, मग समोरचा, मग यंत्र. उलट केलं की पहिल्या दोघांची गरजच वाटत नाही.

आणि अजून एक, इंजिनची आकडेवारी डोक्यात घेऊ नका. घोडा फुकट गेला तरी आकडा बदलतो आणि १५ चाली पुढची कसलीशी बारीक गोष्ट असली तरी बदलतो. आपल्यासारख्यांनी त्यातली पहिल्या प्रकारची उचलायची, दुसरी सोडून द्यायची.

अडीचघर:
बरं आता शेवटचा भाग, लवकर उरकते कारण यात माझी सगळ्यात जास्त लाज आहे.

१५. सी३ व-ई५ १६. एफ४ व-ई६ १७. एफ५

एका प्याद्याने वजीर पण आणि जी६ चा घोडा पण! हा माझ्या डावातला एकमेव अभिमानाचा क्षण. व×ई४ केलं तर माझा वजीर तिचा वजीर खातो, व×ए२ केलं तर हत्ती खातो. १७... व-ई५ १८. एफ×जी६ एफ×जी६ १९. ह-एफ७ आणि तिचा ई७ चा उंट राजासमोर बांधला गेला. इथून पुढे मोहऱ्यांची अदलाबदल होत होत मी जिंकतच गेले.

समोरचीच:
व-ई६ म्हणजे माझा कळस. वजीर आणि घोडा मध्ये एक घर सोडून एकाच ओळीत ठेवले, समोर प्यादं उभं, आणि मी विचार करत होते की राजाजवळ वजीर असला की बरं. प्याद्याकडे मी धमकी म्हणून बघतच नाही, ही माझी जुनी खोड.

पण हिची पण एक सांगते, १६. एफ४ ला ते प्यादं माझ्या वजिराच्या आणि घोड्याच्या दोघांच्या मारात होतं आणि राखायला एकटा हत्ती. घो×एफ४ घ्यायचा विचार होता, मग घाबरले.

अडीचघर:
अगं, ते मी बघितलंच नव्हतं!!! मला वाटलं राखलेलं आहे.

प्यादेमात:
घेतलं असतं तर १७. व-जी४+ होतं, डी७ चा राजा आणि एफ४ चा घोडा एकदम. पण घोड्याला ई६ ला परत येऊन शह अडवता येतो, त्यामुळे घोडा जात नाही, तुम्ही मग ह×एफ७ करून प्यादं वसूल केलं असतं. म्हणजे एफ४ वाईट नव्हतं, पण ते तुमच्या पुण्याईने, हिशेबाने नाही.

काठावरून:
शेवट काय झाला सांगा ना, बरोबरी कशी झाली?

अडीचघर:
सांगते. माझा राजा एफ४ ला, वजीर ई६ ला, ए४ ला एक प्यादं. तिचा नुसता राजा जी८ ला, शह दिलेला. घड्याळात ४० सेकंद. ती एच८ ला गेली. मी व-जी६ केलं, म्हटलं आता पुढच्या चालीला मात. स्क्रीनवर 'बरोबरी' आलं आणि मला वाटलं नेट गेलं.

तिच्या राजाला शह नाही, आणि हलायला घर नाही. जी८, जी७, एच७ सगळं माझ्याच वजिराने अडवलेलं.

समोरचीच:
आणि मी दोन चाली आधीपासून कोपऱ्याकडे निघाले होते. :) शहातून एच७ ला, एफ८ ला पण जाता येत होतं. एच८ मुद्दाम निवडलं. हरलेल्या डावात अजून काय करणार, समोरचीला घाई आहे हे घड्याळावरून दिसत होतं.

उंटावरचा शहाणा:
हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते असं. शेपटानेच अर्धा गुण नेला.

रिकामटेकडा:
अडीचघर ताई, चुकीच्या शतकात जन्मलात. इंग्लंडात एके काळी, साधारण सतराव्या-अठराव्या शतकात, असं कोंडलं तर कोंडणाऱ्यालाच हरला म्हणायचे! म्हणजे तिथे तर पूर्ण गुण गेला असता. आता निदान अर्धा मिळतो.

अडीचघर:
यात दिलासा कुठे आहे?

प्यादेमात:
याची एक सोपी खूण आहे. राजा कोपऱ्यात असला की त्याच्यापासून घोड्याच्या उडीवर, म्हणजे एच८ साठी जी६ किंवा एफ७, तिथे वजीर ठेवायचा नाही जोवर शह नाही किंवा समोरच्याकडे हलायला दुसरं काही नाही. ती दोन घरं म्हणजे कोपऱ्यातल्या राजाचा श्वास. आयडी 'अडीचघर' असून अडीच घरांवरच गेलात हे योगायोगाने छान आहे.

तुमच्या पोझिशनला व-ई७ करायचं होतं. सातवी ओळ बंद, पण जी८ मोकळं राहतं, त्यामुळे ती जी८-एच८-जी८ करत बसते आणि तुमचा राजा चालत येतो. रा-एफ५, रा-जी६, मग व-जी७ मात. चार चाली. प्रत्येक चालीला ५ सेकंद मिळतातच, घड्याळाची भीती नव्हती.

यंत्रमानव:
वजिराने एकट्याने मात होत नाही हे लोक विसरतात, राजा आणावाच लागतो. घाईत वजीरच इकडून तिकडे नाचवला जातो.

बसल्याबसल्या:
मी मोजलं, शेवटच्या चुकीत पण तेच आहे जे पहिल्यात होतं. व-जी६ खेळताना 'आता ती काय खेळेल' हा प्रश्न विचारलाच गेला नाही, विचारला असता तर उत्तर 'काहीच नाही' असं आलं असतं आणि तिथेच घंटा वाजली असती.

समोरचीच:
किती छान बोलता तुम्ही सगळे. माझ्या बाजूने डी४ आणि ई६ ला हाच प्रश्न विचारायला कुणी बसलं असतं तर बरं झालं असतं.

अडीचघर:
आत्ता यंत्राला दाखवला. पाचव्या चालीवर लाल, शेवटच्यावर लाल, चौदाव्यावर पण. तिच्या अकराव्या आणि सोळाव्यावर. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून यादी पूर्ण केली होती आधीच, फक्त एक त्याने जास्तीचं काढलं ते मला कळलं नाही आणि प्यादेमात यांनी सांगितल्याप्रमाणे सोडून दिलं.

समोरचीच:
आज रात्री परत? पांढरी तूच घे. मी चौथ्या चालीला परत उं-जी४ खेळणारे.

अडीचघर:
खेळ. एच३ खेळीन.

समोरचीच:
मग मी एच५ ला जाईन.

अडीचघर:
हा धागा वाचून पण?

समोरचीच:
बघ तू. घो×ई५ च्या आधी एक मिनिट घालवायला लावते की नाही.